स्पोकच्या चार सुया

मोजे विणायला मी नागपूरच्या वसतिगृहात शिकले. तिथल्या मुख्य बाई रविवारी दुपारी आम्हा मुलींना लोकर आणि सुया वाटायच्या आणि टाच वळवणं जमेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. माझे वडील आरमोरीला मागावर कोसा रेशीम विणायचे. त्यांनी मला मागाशी बसू दिलं नाही, शाळेत बसवलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. त्यामुळे जे काही शिकले, ते सगळं लोकांना दाखवावं असं मला वाटायचं. पुढचं सगळं त्या वाटण्यातूनच झालं.

पहिली नोकरी गोंडपिपरीच्या वाटेवरच्या एका गावात लागली, मुलींच्या मिडल शाळेत. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. शाळेच्या पाटीवरचं राज्याचं नाव नुकतंच पुसून नवं लिहिलं होतं, पण खालचं जुनं अजून दिसायचं. एका धानवाल्या शेतकऱ्याच्या घरी मला खोली मिळाली. घरात म्हातारी माय, तिचा मुलगा आणि सून. सून माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, पण मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला बाई.

वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. थंडीत त्यांचे पाय लाकडासारखे व्हायचे. पहिल्या पगारातून मी पिवळी लोकर आणली. सुया मात्र वसतिगृहातच राहिल्या होत्या. मोटार स्टँडजवळ सायकली दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी जुन्या स्पोकचे चार तुकडे तोडून, टोकं दगडावर घासून, तेल लावून दिले.

शनिवारी अर्धी शाळा असायची. चांद्याहून येणाऱ्या मोटारीतून टपाल यायचं, आणि मोटार वेळेवर कधी यायची नाही. म्हणून मी स्टँडवरच्या चिंचेखाली विणत बसायची. दोन सुयांनी स्वेटर विणणारी बाई काहींनी पाहिली होती. एकाच वेळी चार सुया कोणी पाहिल्या नव्हत्या. पहिल्या शनिवारी चार-पाच माणसं थांबली, तिसऱ्या शनिवारी तर बैलगाडी थांबवून लोक बघायला लागले.

"चार सुया अन् एकली बाई," एक जण म्हणाला. "आमच्या घरी एकच सुई हाये, थे बी सापडत नाई."

"सापडली तं तुले सद्रा शिवा लागंन," दुसरा म्हणाला. "म्हणून लपवून ठेवते तुयी बायको."

चाचा दुकानातून ओरडायचे, "सुया माझ्या हायेत, भाऊ. अस्सल स्पोक. मोजा फाटंन, पण सुई वाकनार नाई."

"पण या चांद्याच्या उन्हात मोजे कोन घालते, बाई?"

"माझे वडील," मी सांगायची, आणि त्यांना मागाच्या खड्ड्याबद्दल सांगायची. मग टाच आली की मी मुद्दाम हात सावकाश चालवायची, म्हणजे सगळ्यांना दिसावं. मोटार आली तरी काही वेळा माझं लक्ष नसायचं. मला ती गर्दी आवडायला लागली होती. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

वडिलांचे मोजे झाले आणि लोकर उरली. वहिनीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती, म्हणून इथेच ठेवली होती. माहेराकडून बाळाचं काही करणारं कोणी नव्हतं. उरलेल्या लोकरीत बाळाचे मोजे बसतील, असा मी हिशेब केला, आणि पुढच्या शनिवारी चिंचेखाली नवे टाके घातले.

"हे इतकुसं कोनाचं?" टोपलीत बोरं घेऊन बसणाऱ्या म्हातारीनं विचारलं.

"आमच्या वहिनीच्या बाळाचं."

म्हातारीनं बोरांवरचा हात काढला.

"जल्माच्या आंधी काई करू नाई, बाई. जुनं लुगडं फाडून ठेवते, त्यातच गुंडाळते लेकराले. नवं बारशाच्या बादच. आंधी नवं केलं तं लेकरू टिकत नाई."

तिनं हे भांडायला म्हटलं नव्हतं. उलट खालच्या आवाजात, मला एकटीला सांगावं तसं म्हटलं होतं. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. लोकरीला काय कळतं, टाक्याला काय कळतं, मूल टिकतं ते आईच्या जेवणावर आणि सुईणीच्या स्वच्छ हातांवर, असं मी वर्गात बोलावं तसं बोलले. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी शिकेल हा. मले काय समजते." मला वाटलं मी जिंकले.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. माय मला काही बोलली नाही. मी भाडेकरू, त्यात मास्तरीण. वहिनी मात्र संध्याकाळी पाणी भरताना जवळ आली.

"बाई, ते मोजे..."

"तुम्हाला नको का?"

"नको नाई म्हनत मी," ती म्हणाली. "फक्त तिथं नका विणू. घरात विणा. लोक पाहून राह्यले, त्याचं मले भेव वाटते."

एवढीच तिची मागणी होती. मी दार लावून विणले असते तर काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, आता लपवलं तर म्हातारीचं खरं ठरेल. म्हणून मी पुढचे तीन शनिवार त्याच चिंचेखाली बसले. कोणी विचारलं तर मान वर करून सांगत होते.

एक मोजा पुरा झाला त्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आली. माय शेतावर गेली होती. तिनं मोजा हातात घेतला, आधी हुंगला, मग आत दोन बोटं घातली आणि त्या बोटांनी माझ्या पेटीवर चालून दाखवलं. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर स्वतःच हसली आणि म्हणाली, "माय्यासाठी आजवर कोनी हातानं काई केलं नव्हतं, बाई." दारात माय उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नाही.

दुसरा मोजा टाचेपर्यंत आला होता, तेव्हा वहिनीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईणीनं जे येत होतं ते सगळं केलं. चांद्याची मोटार सकाळीच निघून गेली होती. बैलगाडी जुंपेपर्यंत दुपार झाली, आणि गाडी दारात असतानाच आतून सुईण बाहेर आली आणि तिनं मान हलवली. मुलगा होता. रडला नाही.

मी शाळेतून धावत आले होते. ओसरीवर गावातल्या बायका जमल्या होत्या, बोरंवाली म्हातारीही होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी खोलीत गेले, पिशवी घेतली आणि बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसले. का बसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी अर्ध्या मोज्यातून सुया उपसल्या आणि लोकर ओढायला लागले. अर्धा उसवला, मग पुरा झालेला उसवला. त्याची शेवटची गाठ सुटेना, ती दातानं तोडली. सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघत होत्या, चिंचेखाली लोक बघायचे तशाच.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं होतं: बाईनं सोता उसवलं. लोकरीला काही कळत नाही असं चारचौघांत सांगणारीनं चारचौघांत ती उसवली, तेव्हा दोष लोकरीचाच होता. कोणाला आणखी पुरावा लागला नाही. आणि लोकर माझी असली तरी मला कोणी बोललं नाही. भिंतीपलीकडून मायचा आवाज यायचा, "तूच त्याच्यात बोटं घातली. नाई काऊन म्हटलं नाई तू?" वहिनीचं उत्तर कधी ऐकू आलं नाही. मी उठून पलीकडे जाऊन, मूल आडवं होतं, यात हिचा काही दोष नाही, एवढं सांगायला हवं होतं. चिंचेखालच्या गर्दीत बोलता आलं होतं मला. त्या घरात मी भिंतीअलीकडेच बसून राहिले.

दहा-बारा दिवसांनी वहिनी खोलीत आली. चेहरा सुकला होता. दारात उभी राहून तिनं आधी मागे पाहिलं.

"बाई, तो एक मोजा पुरा झाला होता न. तो द्या मले."

मला वाटलं ती जाळायला मागते आहे.

"कशाला?"

"ठेवतो. त्याचं दुसरं काई नाई माय्यापाशी. लुगड्याचा तुकडा त्याच्यासंगच गेला."

ती आत असताना ओसरीवर काय झालं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिनं मनावर घेतलं नव्हतं. मी उसवल्याचं सांगितलं. पेटीतून लोकर काढून दाखवली. उसवलेली लोकर सरळ होत नाही, टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहतात. तिनं ती हातात घेऊन पाहिली.

"मी पुन्हा विणते," मी म्हणाले. "आजच बसते. घरात, दार लावून."

"आता नको, बाई." तिनं लोकर माझ्या पेटीवर ठेवली, ज्या टोकापर्यंत बोटांनी चालली होती तिथेच. "तो त्याचा होता."

उन्हाळ्यात माझी बदली चांद्याला झाली. निघताना मायनं मला पोहे बांधून दिले आणि वहिनी पाया पडली. मी तिला पाया पडू दिलं. चाचांनी विचारलं, सुया आहेत ना? आहेत म्हणाले. त्या आजही आहेत, एकाही सुईला गंज नाही. वहिनीला पुढे दोन मुली झाल्या असं कोणीतरी सांगितलं. दोन्ही वेळा मी बारशाला कापड पाठवलं, बाजारातून घेतलेलं. मोजे विणून पाठवायचा धीर झाला नाही.