दुसरं बिस्किट

उइटहॉर्न या डच गावात आमच्या शेजारच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ दर शनिवारी गॅरेज उघडून बसत. समोर त्यांच्या आईचं, पेट्रोल इंजिनवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र असे. इंजिनाचे भाग पुसून, जोडून ते पायाने किक मारत. इंजिन खोकून गप्प होई.

त्यांची बायको कॉफीसोबत एकच बिस्किट देई आणि डबा बंद करी. "दुसरं बिस्किट, इंजिन सुरू झाल्यावर. जूनमध्ये उन्हाळा लागेपर्यंत झालं नाही, तर यंत्र भंगारात!"

मी गृहस्थांना विचारलं, "घरात नवं मशीन आहे ना?"

"आहे. पण त्याला माझी गरज नाही."

मे महिन्यातल्या एका शनिवारी इंजिन धडधडलं आणि थांबेचना. बाई धावत आल्या, त्यांनी अख्खा डबा पुढे केला. गृहस्थांनी सवयीने एकच बिस्किट उचललं आणि झाकण लावलं.