सकाळचे झटके ओळखणाऱ्या मालतीबाई

डॉ. मालतीबाईंच्या मुलुंडच्या दवाखान्यात मी प्रथम गेले ती भांडायच्या तयारीनंच. त्याआधी दोन डॉक्टर झाले होते. माझी मुलगी मेघा तेव्हा अकरावीत. सकाळी उठली की तिचे खांदे, हात एकदम उडायचे. हातातला कप भिंतीवर जायचा. पहिले डॉक्टर म्हणाले, स्नायूत गोळा येतो, कॅल्शियम द्या. दुसरे म्हणाले, वडील गेल्याचं मनाला लागलंय. जाऊबाई तर सरळ म्हणाल्या, "नाटकं आहेत गं." मीही कमी नव्हते. अभ्यासासाठी तिला पहाटे चारला उठवायचे आणि कप फुटला की पाठीत धपाटा घालायचे. त्याचा राग आजही माझा माझ्यावरच आहे.

मालतीबाईंनी मेघालाच विचारलं, "हात उडतो तेव्हा दुखतं का गं?"

"नाही."

"कडक होऊन तसाच राहतो?"

"नाही. करंट बसल्यासारखं होतं नि संपतं."

"मग गोळा कसला? गोळा दुखतो, आवळून धरतो, ताणला की सुटतो. हा क्षणात येऊन जातो, आणि निघतो मेंदूतून."

मेंदूचा आलेख काढून त्यांनी खात्री केली. मायोक्लोनिक झटके, अपस्माराचाच, म्हणजे फिटचाच प्रकार. यात बहुतेक वेळा शुद्ध जात नाही, म्हणून पुष्कळांना ओळखूच येत नाही. अपुऱ्या झोपेनं ते वाढतात, हे ऐकून मी पहाटे चारला उठवण्याचं सांगून टाकलं. बाई एवढंच म्हणाल्या, "आता कळलं ना? झोपू द्या तिला."

मी सातवी शिकलेली. बाईंनी मला या आजारावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक वाचायला दिलं, अवघड शब्दांशेजारी पेन्सिलीनं सोपं मराठी लिहून.

औषधानं झटके थांबले. तरी कॉलेज तिला रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसू देईना. वर्ष जाणार होतं. प्राचार्य म्हणाले, "फिटची मुलगी. जबाबदारी कोण घेणार?"

दवाखाना बंद ठेवून बाई माझ्यासोबत कॉलेजात आल्या. "सर, तिचं नाव मेघा आहे. झटके थांबलेत, हे माझं पत्र. तिला दुपारची बॅच द्या, शेजारी एक शिक्षक उभा करा. एवढंही जमत नसेल तर कॉलेज कशाला चालवता?"

मेघा प्रॅक्टिकलला बसली, पास झाली. आज घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. सरांनी अजून माफी मागितलेली नाही.

बाई, आज तुमची पंचाहत्तरी. आता तुम्हाला निवांतपणा लाभो, असं बाकीचे म्हणतील. मी म्हणणार नाही. तब्येत खणखणीत राहो, आवाज असाच चढा राहो, शंभरी दवाखान्यातल्या त्याच खुर्चीत गाठा. माझ्यासारख्या आया अजून पोरांना मारताहेत.