परतीची गाडी आणि चार गाद्या

एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळची दहाची वेळ. रक्कम ठरली पस्तीस हजार रुपये. हजर चार जण: मी, माझी पत्नी, माझा थोरला भाऊ आणि आमच्या गल्लीतला ट्रान्सपोर्टचा दलाल. विषय होता नंदुरबारचं बिऱ्हाड कोल्हापूरला हलवण्याचा.

पन्नाशी ओलांडल्यावर कोणी हौसेने गाव सोडत नाही. आमचं सोडायचं कारण पत्नीचा श्वास. आमचं घर गावाच्या ज्या टोकाला आहे, तिथून थोडं पुढे गेलं की मिरचीच्या पथाऱ्या लागतात. हंगामात जमिनीवर ओल्या मिरच्या पसरून वाळवतात, तीच पथारी. नोव्हेंबरपासून मार्च संपेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजू लाल असतात. बाहेरगावचा माणूस एसटीतून उतरतो आणि खोकायला लागतो. आम्हाला काही होत नाही. चहात साखर कमी पडली तर आमच्या लक्षात येईल, पण हवेत मिरची आहे हे नाही.

पत्नीला मात्र गेली तीन वर्षं हंगामात दम लागायला लागला. तिचं माहेर विसरवाडीजवळचं, तिथे भाताची आणि थोडी कापसाची शेतं. हिवाळ्यात आठ दिवस तिकडे राहिली की ती बरी असते, परत आली की पुन्हा दम्याचा पंप हातात. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्या वाढवत नेण्यापेक्षा पुढच्या हंगामाच्या आत जागा बदला. मी बियाणं विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत हिशेब बघतो. बदली मागितली तेव्हा रिकामी जागा एकच होती, कोल्हापूरची. अंतर सातशे किलोमीटर. कंपनी सामान हलवायला ठोक पंचवीस हजार देणार होती. वरचे दहा आमचे.

दलालाचे आणि माझे वडील एकाच गल्लीत वाढले. त्याने पहिला आकडा बत्तीस हजार सांगितला, नुसत्या गाडीचा. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही की तो स्वतःच दुसरा आकडा सांगतो, हे मला माहीत आहे.

"एक परतीनी गाडी शे," तो म्हणाला. "कोल्हापूरहून गूळ लई येस. जातांना आठून मिरची भरस. आते मिरचीना माल सरना, म्हनीसन खाली जाई ऱ्हायनी. एकोणीसमा करी दिसू."

गूळ घेऊन येणारी आणि रिकामी परत जाणारी गाडी, म्हणून एकोणीस हजार. तेरा हजार वाचत होते. पण मी लगेच हो म्हटलं नाही. गाडीत आमच्या सामानाबरोबर मिरचीचं एकही पोतं नको, अशी अट घातली. ती अट कशासाठी, हे पत्नीकडे बघून त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने कानाच्या पाळीला हात लावला आणि कबूल केलं.

पुढचे आकडे मी वाचून दाखवले. दोन्ही टोकांची हमाली साडेचार हजार. आम्हा दोघांची तिकिटं चोवीसशे. तिथे गेल्यावर गॅस, वीज, नळ, सफाई मिळून साडेतीन हजार. अडीअडचणीला पाच हजार. राहिलं पॅकिंग. धुळ्याच्या एका माणसाने खोकी, फोम, फुगेवालं प्लास्टिक याचे चार हजार सांगितले होते. मी तिथे सहाशे लिहिले होते.

"सहाशेमा काय बांधशी?" भावाने विचारलं.

मी समजावलं. सुतळी आणि पोती विकत घ्यायची. भांडी पातळ गोधड्यांत गुंडाळायची. फ्रीज, लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन यांना खालून मऊ काही लागतं, तिथे आमच्या चार गाद्या गाडीच्या फळ्यांवर अंथरायच्या. गाद्या तशाही न्यायच्याच आहेत, मग फोम विकत का घ्यायचा? गाद्या चांगल्या जाड, सासऱ्यांच्या शेतातल्या कापसाच्या.

भाऊ हसायला लागला. "भो, इतला हिशोब करस तं बायकोनं वजन बी लिखी ले. गाडीमा भर, तिकीट वाची जाई."

पत्नी आतून चहा घेऊन येत होती. तिने कप त्याच्यापुढे ठेवला. "भाऊ, मन्हं वजन राहू द्या. तुम्हीच चाला संगे, कपाटना खाले गादी लागाव नही."

भावाचं पोट मोठं आहे. दलाल एवढा हसला की त्याचा चहा बशीत सांडला. असं हसत पस्तीस हजारांवर शिक्कामोर्तब झालं. दलालाला दहा हजार आगाऊ दिले, नऊ हजार सामान उतरल्यावर ड्रायव्हरच्या हातात द्यायचे ठरले.

गाडी आली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. सामान भरताना धूळ उडते म्हणून पत्नीला आम्ही आदल्या दिवशीच भावाच्या घरी पाठवलं होतं. ते बरोबरच वाटलं होतं. जुन्या घरातले माळे झाडले की कोणालाही ठसका लागतो, तिला तर लागणारच.

मी गाडी तपासायला मागे चढलो. ड्रायव्हर कोल्हापूरकडचाच, तरुण, बोलका. गाडी झाडून ठेवली होती. फळ्यांवर एकही मिरची दिसली नाही. मी खाली वाकलो आणि वास घेतला. गुळाचा वास येत होता, गोडसर, थोडा आंबूस. कोपऱ्यात फळीला गुळाचा एक चिकट तुकडाही होता, त्याला मुंग्या लागलेल्या. मी भावाला वर बोलावलं. त्यालाही गूळच आला. दलालही चढला, नाक ओढून त्याने मान हलवली. तिघांनी वास घेतला आणि तिघांचं एकमत झालं. तिघंही जन्मापासून नंदुरबारचे.

गाद्या अंथरल्या. त्यांच्यावर कपाट आडवं, त्याला टेकून फ्रीज, मग बाकीचं. वरून ताडपत्री. गाडी संध्याकाळी निघाली. आम्ही दोघं एसटीने धुळ्याला आणि तिथून ट्रॅव्हल्सने कोल्हापूरला.

आम्ही सकाळी पोहोचलो, गाडी दुपारी आली. भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर आहे. घर रिकामं, खिडक्या उघड्या, पत्नी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होती. प्रवासात तिने एकदाही पंप काढला नव्हता. मला म्हणाली, "आठली हवा हलकी शे." तिला बरं वाटत होतं आणि मला पैसे सत्कारणी लागल्यासारखं वाटत होतं.

खाली दोन हमाल आले होते, ठरलेले अडीच हजार. त्यांनी ताडपत्री सोडली. वरचं सामान उतरेपर्यंत काही नव्हतं. कपाट उचललं आणि पहिला हमाल शिंकला. मग दुसरा. मग दोघं एकदम. एकाने डोळ्याला हात लावला आणि लगेच बाजूला होऊन नळाखाली डोकं धरलं.

"पावणं," दुसरा डोळे पुसत म्हणाला, "बिऱ्हाड आनलंय का मसाल्याची गिरणी?"

मला अजूनही मिरचीचा वास येत नव्हता. मी गाडीत चढलो आणि गादी उलटली. खालची बाजू जागोजाग तांबूस झाली होती. फळ्यांच्या फटींत हंगामभराची मिरचीची पूड आणि बिया बसल्या होत्या. झाडूने वरचं निघालं, फटीतलं तसंच राहिलं. सातशे किलोमीटर गाडी हादरत आली, कपाटाच्या वजनाने गाद्या फळ्यांवर घासत राहिल्या आणि पूड कापसात उतरली.

तोवर एक गादी हमालाने खांद्यावर घेतली होती आणि तो बाहेरच्या जिन्यापर्यंत पोहोचला होता. पत्नी त्याला वाट दाखवायला दोन पायऱ्या खाली आली आणि तिथेच थांबली. मी तिचा चेहरा बघितला. तिने पदर नाकाला लावला, वळली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दारामागून तिचा खोकला ऐकू येत होता. तो खोकला मी तीन हिवाळे ऐकला आहे, चुकायचा प्रश्न नव्हता.

हमालाला मी गादी खाली उतरवायला लावली. मग वर गेलो. दार उघडत नव्हतं.

"कपडा बदला आधी," ती आतून म्हणाली.

मी जिन्यातच शर्ट काढला आणि बनियनवर आत गेलो. ती खिडकीशी उभी होती, पंप घेऊन झाला होता. श्वास अजून वर होता. मी म्हटलं, गाद्या दोन दिवस गच्चीत उन्हात टाकतो, काठीने झोडपतो, सगळं निघून जाईल. डोक्यात अजून हिशेब चालू होता. नव्या गाद्यांसाठी कुठेच रक्कम धरलेली नव्हती.

"कोन झोडपी?" तिने विचारलं. "तुम्ही? तुमले तं मिरची कळस बी नही."

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिला दिली.

"मी इतली लांब कसाले उनू?" ती म्हणाली. इतक्या लांब येण्याचं कारणच ती मला विचारत होती, आणि बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. "तुम्ही तेरा हजार वाचाडात. गाद्यास्ना खाले माले बी अंथरी टाकतात तं बरं व्हतं."

गच्ची आमच्याच डोक्यावर होती. तिथे झोडपलेलं सगळं आमच्याच खिडकीत आलं असतं. हे तिने सांगायची गरज पडू नये इतकं साधं होतं. मी खाली जाऊन सांगितलं, गाद्या वर जाणार नाहीत. बाकीचं सामान अंगणात ओल्या फडक्याने पुसूनच वर न्यायचं. हमालांनी जास्तीचे पाचशे मागितले. मी घासाघीस केली नाही. फ्रीज पुसताना ते आळीपाळीने शिंकत होते आणि मला "मसालेवाले पावणं" म्हणत होते. ते नाव आजही इथल्या गल्लीत आहे.

दलालाला फोन लावला. भांडायचं नव्हतं, सांगायचं होतं. तो म्हणाला, "भाऊ, मी बी चढेल व्हतू ना गाडीमा. माले बी गूळच उना." ते खरं होतं. गाडी बघायला घेऊन जायला हवं होतं ते एकच नाक, आणि धूळ नको म्हणून ते आम्ही भावाच्या घरी बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एका गादीवाल्याकडे गेलो. वाटलं होतं, कापूस पिंजून नव्या खोळीत भरून घेऊ, कापूस तर चांगला आहे. त्याने मी नेलेला मूठभर कापूस हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे परत दिला. "ह्यो कापूस मशिनीत घातला तर माझी माणसं दोन दिस शिंकत बसतील की ओ. नवी गादी घ्या." एका गादीचे अडतीसशे. चार घ्यायची ऐपत त्या महिन्यात नव्हती. दोन सांगितल्या. लग्न झालेली मुलगी सुरतेहून येईल तेव्हा बाकीच्या दोनचं बघू.

जुन्या चारही गाद्या ड्रायव्हर घेऊन गेला. मी त्याला आधी दोनदा विचारलं, त्रास होणार नाही ना? तो म्हणाला, "आमी बारा महिने त्याच गाडीत झोपतोय, आमास्नी काय हुतंय." ठरलेले नऊ हजार त्याला आदल्या दिवशीच दिले होते. गाद्यांचे त्याच्याकडून काही घेतले नाही.

एकूण खर्च झाला अडतीस हजार शंभर. कंपनीचे पंचवीस वजा जाता आमचे तेरा हजार शंभर, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन हजार शंभर जास्त. अडीअडचणीचे पाच हजार पूर्ण संपले.

नव्या गाद्या तिसऱ्या दिवशी आल्या. गादीवाल्याने स्वतः वर आणून दारात ठेवल्या. मी पाकीट काढलं, तेवढ्यात पत्नीने हाताने थांबवलं. तिने खाली बसून एका गादीला नाक लावलं, मग दुसरी उलटून तिलाही लावलं. गादीवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याला थांबा म्हणून खूण केली. ती उठली, एक मोठा श्वास घेऊन सोडला आणि म्हणाली, "द्या आते." मी गादीवाल्याला सात हजार सहाशे रुपये रोख मोजून दिले.