कूलंट कुठे जात होतं

बाबांची गाडी जुनी आहे. परदेशी बनावटीची, दोन दारांची, कापडी छत मागे दुमडता येतं अशी. दादरमध्ये दातांचा दवाखाना चालवून निवृत्त होण्याच्या बऱ्याच आधी त्यांनी ती एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तसं. दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. तेव्हापासून मी परळहून दर रविवारी शिवाजी पार्कला त्यांच्याकडे जायचे, गाडी सुरू करायचे आणि बिल्डिंगला वळसा घालून परत जागेवर लावायचे.

त्यातच एकदा लक्षात आलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, कमी झालंय. मी टाकी खुणेपर्यंत भरली. पुढच्या रविवारी परत खाली. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तो कोरडाच राहिला. इंजिन ऑइल पाहिलं. पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, तसं काही नव्हतं. मागून पांढरा धूर नव्हता. आतलं कार्पेट हाताने चाचपून झालं. परळच्या गॅरेजवाल्याने येऊन पंपाने हवेचा दाब देऊन पाहिलं, तर दाबाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नाही. तो म्हणाला, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या आतलं सील, गेलं असेल, इंजिन उघडावं लागेल. मला ते पटेना. आठवड्यातून एकदा वळसा घालणारी गाडी पाणी पिते कशी?

मग एका रविवारी टाकी काठोकाठ भरलेली दिसली, आणि आतला हिरवा रंग पार फिका झालेला. कोणीतरी साधं पाणी ओतलं होतं. वॉचमनला विचारलं. मी हात लावला नाही म्हणाला, आणि नळ बंद करायला निघून गेला.

म्हणून एका गुरुवारी ऑफिसच्या आधी, उजाडता उजाडता गेले. आठवड्याच्या मध्यावर, गार इंजिनवर पातळी किती दिसते ते बघायचं होतं. पाहते तर गाडीची जागा रिकामी.

चोरीला गेली, हेच पहिल्यांदा मनात आलं. धावत वॉचमनकडे गेले. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, साहेब आणि बाई वरळीला गेलेत, येतीलच आता.  ऐकलेले शब्द कळत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता.

तेवढ्यात गाडी फाटकातून आत आली. छत उघडं. बाबा स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर समोर. शेजारी आई, सीटवर उशी घालून उंच बसलेली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघणारी. तिचा आवाज अगदी हळू आणि सपाट होता. "डावीकडे स्कूटर आहे. अजून थोडं उजवीकडे घ्या. आता सरळ. बास."

बाबांनी गाडी बरोबर जागेवर उभी केली.

बॉनेटमधून वाफ येत होती. का कोण जाणे, मी आधी बॉनेटच उघडलं. रेडिएटरची प्लास्टिकची बाजू जिथे जोडलेली असते, तिथून सुईसारखी बारीक चिळकांडी उडत होती. इंजिन तापलं की चीर उघडायची, गार झालं की मिटायची, आणि उडालेलं पाणी तापलेल्या इंजिनावरच सुकून जायचं. म्हणून पुठ्ठा कोरडा, म्हणून काटा जागच्या जागी. इतके रविवार जे शोधत होते ते समोर होतं, आणि मला त्याचं काही म्हणजे काहीच वाटलं नाही. 

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," आई म्हणाली. "पहाटे रस्ता रिकामा असतो गं. छत उघडं ठेवलं की मला सगळीकडचं दिसतं."

मी बाबांना बोलायला तोंड उघडलं, तेव्हा तिने मला थांबवलं. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे, दोन शब्द बोलायचे नाहीत, म्हणून तिनेच किल्ली काढून त्यांच्या हातात दिली होती. ही माझी आई. गॅस बंद केलाय का ते पाहायला जिन्यातून परत वर जाणारी, रस्ता ओलांडताना माझी बाही घट्ट धरणारी. वाफ यायला लागली की ते दोघं गाडी बाजूला घ्यायचे, इंजिन गार होईपर्यंत समुद्राकडे बघत बसायचे आणि मग बाटलीतलं पाणी टाकीत घालायचे, हेही तिनेच सांगितलं.

बाबा अजून खाली उतरले नव्हते. हात स्टिअरिंगवरच होते.

"एकदा एका बाईच्या हाताला गाडीचा आरसा लागला," ते म्हणाले. "फिरायला आलेली होती. थांबलो आम्ही. तिला काही झालं नव्हतं."

आई खाली बघू लागली. हे ती सांगणार नव्हती. मी चालत फाटकापर्यंत गेले.  रस्त्यावरून सकाळी फिरणारी माणसं एकेक करून चालली होती, आणि त्यांतल्या कोणाकडेही मला बघवेना.

बाबांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

रेडिएटर बदलून घेतला. आता टाकीतलं कूलंट खुणेवर असतं. रेडिएटर बदलल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाबांना म्हटलं, चला, मी नेते वरळीला. ते नको म्हणाले आणि खुर्ची वळवून बसले. आई मात्र उशी घेऊन खाली आली. मी छत उघडलं.  वाटेत एका नाक्यावर मी कडेला अगदी लागून वळण घेतलं, तशी म्हणाली, "एवढ्या जवळून नाही घेत ते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती डावीकडे बघत होती, कोणी येतंय का ते.