अमेरिकेचं सरकार बंद पडलं तो दिवस

गेल्या सालची गोष्ट, पण अजून कुणाला सांगायला बसलो की माझा चहा गार होतो. अमेरिकेचं सरकार बंद पडलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय! म्हणजे तिकडचं नाही. इथे बहरिनमध्ये, मीना सलमान बंदराजवळ त्यांचं एक छोटं ऑफिस आहे, मी तिथे टायपिस्ट, तेवढंच. पण बंद म्हणजे बंद.

आमच्या रूमवरचे चाचा, रत्नागिरीकडचे, त्याच ऑफिसात एसी मेकॅनिक. पोरीच्या निकाहसाठी त्यांना त्याच दिवशी संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. पासपोर्ट अरबाबकडे, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही दोघं आलो त्या बहरिनी मालकाकडे. तो पासपोर्ट देणार कधी, तर चाचांनी गेटपास आणि टूलबॉक्स जमा केल्याचं अमेरिकन साहेबाच्या सहीचं पत्र दाखवल्यावर. पत्र मी आदल्या दिवशीच टाइप केलं होतं. सहीला नेलं नाही. का? अमावस्या होती! म्हटलं, लग्नाचं काम आहे, उद्या नेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना घेऊन गेलो तर साहेब टेबल आवरतोय. म्हणाला, "आमच्या संसदेत बजेटवरून भांडण लागलंय. पैसे मंजूर नाहीत. ऑफिस बंद, घरी जा."

मी चाचांना सांगितलं.

"कुठल्या पार्टीचा बंद रे? दगडफेक होईल काय?"

"तसला बंद नाही चाचा. सरकारच बंद!"

"या अल्ला! म्हणजे लष्कर आलं?"

लष्कर नाही, काही नाही. मी पत्र पुढे केलं. साहेबाच्या हातात पेन होतं, देवाशप्पथ! त्याने पत्र वाचलं, चाचांकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, पूर्वी बजेट अडकलं तरी ऑफिसं चालूच राहायची. मग सरकारच्याच वकिलाने जुना कायदा काढून दाखवला की पैसे मंजूर नसतील तर काम करायचंच नाही. फुकटसुद्धा नाही! "आत्ता सही केली तर गुन्हेगार मी."

मी बघतच राहिलो. ज्या देशाची जहाजं बघायला आम्ही शुक्रवारी धक्क्यावर जातो, त्या देशाच्या साहेबाला एक सही करता येईना! आम्ही दोघं सोडून बघणारं कुणी नव्हतं, तरी नाही केली. त्याने स्वतः दिवे घालवले आणि कुलूप लावलं.

टॅक्सीने मुहर्रकला अरबाबच्या दुकानात गेलो. वाटेत चाचांचं चालूच. "तुझी अमावस्या, त्यांचं बजेट, आणि मधे माझी पोर!" मला मान वर करवेना.

अरबाबला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "अमरिका खलास?" मग एकदम गंभीर. "पेपर मफी, पासपोर्ट मफी." म्हणजे कागद नाही, तर पासपोर्टही नाही.

चाचा मटकन स्टुलावर बसले. ते बघून मीच म्हटलं, "अरबाब, गलती मेरी है. टूलबॉक्स जमा किया है, मेरेको मालूम है."

"तो तू लिख. सामान कम निकला तो तेरा पासपोर्ट मेरे पास है. छुट्टी भूल जा."

आजवर दुसऱ्यांची नावं टाइप केली, वर सहीला जागा सोडली. त्या दिवशी त्या जागेत माझं नाव! सही इतकी वेडीवाकडी आली की माझी मलाच ओळखू येईना. अरबाबने कागद उजेडात धरून बघितला आणि तिजोरी उघडली.

विमानतळावर चाचा पासपोर्ट छातीशी धरून रांगेत उभे. मधेच वळले. "काय रे, टूलबॉक्स उघडून बघितला होतास काय?"

"नाही."

"आणि सही ठोकलीस?"

"हो."

"शहाणाच आहेस!" असं म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

मी काचेपाशी उभाच. एवढं मोठं सरकार एका सहीवाचून अडलं होतं, आणि माझ्या वेड्यावाकड्या सहीवर एक बाप पोरीच्या निकाहला निघाला होता. विमान उडालं तरी माझे पाय हलेनात.