बारावीपुरते साहेब

"राहू द्या, सूर्यवंशी. पुढचे साहेब बघतील," असं म्हणून साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. निकालाची अकरा पानं टाइप होऊन टेबलावर पडली होती. शेवटचं पान अजून माझ्या शॉर्टहँडच्या वहीत होतं. पण बदलीची ऑर्डर आली होती आणि चार्ज त्याच दिवशी सोडायचा होता.

"साहेब, वीस मिनिटं द्या. टाइप करतो, तुम्ही सही करा."

"घाईत वाचून मी निकालावर सही करत नाही," ते म्हणाले आणि उठले.

मी लातूरला दिवाणी कोर्टात स्टेनो होतो. साहेब निकाल तोंडी सांगायचे, मी तो शॉर्टहँडमध्ये घ्यायचा आणि टाइप करायचा, हे माझं काम. निकाल लिहून सही झालेला असेल आणि फक्त वाचायचा राहिला असेल, तर पुढचा न्यायाधीश तो वाचून दाखवू शकतो. सही नसेल तर बाराच काय, शंभर पानं असली तरी ती रद्दी. साक्षी कागदावर राहतात, पण वकिलांनी पहिल्यापासून बोलायचं आणि नव्या साहेबांनी पहिल्यापासून ऐकायचं.

बदली साधारण तीन वर्षांनी होते. लातूरचं गणित वेगळं होतं. इथली बदली साहेब लोक मागून घ्यायचे, ती क्लासेससाठी. मूल अकरावीला आलं की साहेब लातूरला यायचे. बारावी आणि एंट्रन्स झाली की दुसरीकडे जायचे. या साहेबांचा मुलगा त्याच महिन्यात मेडिकलला लागला होता.

दावा शमशादबीचा होता. किल्लारीजवळच्या एका गावात तिचा नवरा भांड्यांना कल्हई करायचा. भूकंप झाला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी, कंधारला होती. नवरा घराखाली गेला. ती तान्ही पोर घेऊन परत आली तोवर नव्या घरांची यादी झालेली होती. यादीत सगळं कुटुंब एकत्र दाखवून एकच घर दिलं होतं, तिच्या दिराच्या नावावर. दोन-तीन वर्षं तिनं त्याच्या पाया पडून पाहिलं. मग दावा लावला. राहत होती पत्र्याच्या शेडमध्ये.

मीही कंधारचा. हे कळल्यापासून ती मला भाऊ म्हणायची.

साहेब गेल्यावर पुढच्या तारखेला ती जीपनं औशापर्यंत आणि तिथून एसटीनं लातूरला आली. तिचे वकील काझीसाहेब तिला व्हरांड्यात समजावत होते.

"पुन्हा म्हंजे?" तिनं विचारलं. "म्या इतकं बोल्ले ते सगळं वाया गेलं का?"

"वाया नाही गेलं, बी. फक्त आम्ही वकिलांनी पुन्हा बोलायचं."

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, पयले साहेब काय लिहून गेले? तुमाला तर ठाऊक असंल."

"सही झाली नाही. म्हणजे काहीच नाही लिहिलं."

मला ठाऊक होतं. वहीतलं शेवटचं पान सांगत होतं की दावा रद्द. सरकारी यादीत नाव नाही, वेगळं राहत असल्याचा कागद नाही, म्हणून हक्क नाही. साहेब सरळ माणूस होते, हाताला वेग होता, म्हणून साऱ्या बाररूमला त्यांच्या जाण्याची हळहळ होती. सगळ्यात जास्त काझी वकिलांना.

"न्यायाधीशाला एकदा बसवलं की मरेपर्यंत उठवू नये," ते चहा पिताना म्हणायचे. "तीन वर्षांत त्याला फाइल कळते, आणि कळली की तो जातो. असा काय न्याय होणार?"

मी मान हलवायचो. दुसरं काय करणार?

दुसरे साहेब आले. त्यांची मुलगी अकरावीत. त्यांनी युक्तिवाद ऐकला, निकालाला तारीख दिली. त्या तारखेला म्हणाले, काही मुद्दे पुन्हा ऐकायचे आहेत. पुन्हा ऐकले, पुन्हा तारीख. मी पॅड घेऊन समोर बसायचो आणि कोरा पॅड घेऊन उठायचो. एकदा मी आठवण केली तर म्हणाले, "सूर्यवंशी, तुम्हाला कसली घाई आहे?"

शमशादबी प्रत्येक तारखेला येत होती. पोर शाळेत जायला लागली. ती आता मला निकालाचं विचारत नव्हती, नुसतं विचारायची, "साहेबांची पोरगी कितवीला गेली?"

"बारावीला."

"अल्ला करो, पास होवो."

एक दिवस मी काझी वकिलांना विचारलं, "वकीलसाहेब, हे साहेब मरेपर्यंत बसले तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही लई वाकडं बोलून राहिलात," म्हणाले. 

मुलगी इंजिनिअरिंगला लागली. साहेब गेले. मी तीच फाइल तिसऱ्यांदा टेबलावर ठेवली.

तिसऱ्या न्यायाधीश बाई होत्या. नांदेडकडून आल्या होत्या, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. मुलं केव्हाच नोकरीला लागलेली. पहिल्याच तारखेला त्यांनी अख्खी फाइल वाचून आणली होती.

"वकीलसाहेब, यादी कशावरून केली?"

"पंचनाम्यावरून, मॅडम. पडलेल्या घरांचा पंचनामा."

"तो फाइलमध्ये नाही."

"मागितला होता. सापडत नाही म्हणाले."

"मी मागवते."

तलाठी तिसऱ्या तारखेला जुनं दप्तर बस्त्यात बांधून घेऊन आला. मॅडमनी स्वतः पानं उलटली. दिराच्या घराखालच्या ओळीत शमशादबीच्या नवऱ्याचं नाव होतं. वेगळं दार, वेगळी चूल, पूर्ण पडझड. यादी करताना कोणीतरी दोन ओळींची एक केली होती.

दीर उभा राहिला. "मॅडम, म्या भाभीला हाकललं न्हाई. सरकारनं दिलं ते घेतलं."

"मग आता कोर्ट देईल तेही घ्या," मॅडम म्हणाल्या.

पंधरा दिवसांत निकाल झाला. एक खोली आणि निम्मी मोकळी जागा शमशादबीची. दिरानं अपील केलं नाही.

निकालाची नक्कल घ्यायला ती आली तेव्हा खूश होती, पण राग गेला नव्हता. "भाऊ, पयले साहेब ऱ्हायले असते तर हे कवाच मिळालं असतं. बदल्यांनी माजी इतकी वर्सं खाल्ली."

"हाव," मी म्हणालो आणि रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "इथं सही करा."

आता मी रिटायर आहे. न्यायाधीश आयुष्यभर असावा की ठरावीक वर्षांपुरता, यावर वकील अजूनही तावातावानं भांडतात आणि मला मधे ओढतात. मला एकच नियम सुचतो. ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल लिहावा, आणि सही केल्याशिवाय त्याला चार्ज सोडू देऊ नये. पण हा नियम तेव्हा असता तर शमशादबी हरली असती. म्हणून मी तो कोणापुढे मांडत नाही.