आतोबांचं निरोगी पोट

जगात सगळ्यांत निरोगी पोट कुणाचं, असं काळाचौकीत विचारलं असतं तर लोकांनी आमच्या आतोबांकडेच बोट दाखवलं असतं. आत्याचे हे यजमान गिरणीत कापडाचे साचे चालवत आणि सुट्टीच्या दिवशी चाळभर जेवत. कुणाच्या चुलीवर बांगड्याचं तिखलं चढलं की हे दारात हजर. आणि त्यांना ‘बसा’ न म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले, तेव्हा तिथल्या कच्च्या भाकऱ्यांनी बाकीचे सत्याग्रही पोट धरून बसले. यांनी त्यांच्याही वाटच्या संपवल्या. वर म्हणाले, "चळवळीचा अन्न फुकट घालवूक नये."

घात केला तो याच कौतुकाने. परळच्या एका डॉक्टरांना आजारी पोटांशी ताडून पाहायला काही धडधाकट पोटं हवी होती. आतोबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. पोटाच्या एक्स-रे फोटोआधी पाजतात ते खडूसारखं पांढरं पाणी घटाघटा प्यायले आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. फोटोत जठराला व्रण निघाला! "माका कायच दुखणा नाय, मगे ह्यो फोटो माजो कसो?" असं ते डॉक्टरांशी भांडले. डॉक्टर म्हणाले, "अहो, चांगल्या निरोगी माणसांतही असे मुके व्रण सापडतात. लहानसा आहे. विडी सोडा, जेवा-खा, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा."

चाळीने त्यातला फक्त व्रण ऐकला. त्या दिवसापासून दारोदार माया उतू जाऊ लागली आणि आतोबांचं ताट बंद झालं. आत्याने दूध आणि मऊ भात सुरू केला. सत्याग्रहाच्या पुढच्या तुकडीतूनही "तुम्ही जिवाला जपा" म्हणून त्यांना वगळलं. पहाडासारखा माणूस डोळ्यांदेखत वाळत गेला. त्या मायेचा मला अजून संताप येतो. माणसाला उपाशी मारायचं तर निदान वैर तरी असावं!

राज्य मिळालं त्याच सुमारास दुसरा फोटो निघाला. व्रण भरून आला होता. आतोबांनी तो फोटो घरोघर दाखवला. सगळ्यांनी उजेडाकडे धरून पाहिला, "छान झालं" म्हटलं. त्याच आठवड्यात चाळीत महाराष्ट्राची जेवणावळ बसली. मटणाचा रस्सा वाढत शेजारचे भाऊ आतोबांपर्यंत आले आणि थबकले. आत्याने मऊ भात घरून आणलाच होता.

"थोडो रस्सो तरी घाल रे," आतोबांनी हात पुढे केला.

"नको आतोबा, तुमच्याच भल्यासाठी," म्हणत भाऊ पुढच्या पानाकडे गेले.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोट मात्र त्यांचं अखेरपर्यंत एकदाही दुखलं नाही.